सापळ्यांची सात सूत्रे आणि त्यांवरील भाष्य

कामगंध सापळा कसा चालतो हे सेवाग्राम, वरूड, करंजी भोगे इकडच्या कास्तकाराला सांगावे लागत नाही. गुलाबी बोंडअळीची मादी पतंग नराला बोलावण्यासाठी जो गंध सोडते, त्याची कृत्रिम नक्कल ल्यूरमध्ये असते. नर रात्री त्या वासावर येतो आणि खालच्या पिशवीत अडकतो. पीक ४५ दिवसांचे झाले की हेक्टरी पाच सापळे लावावेत आणि सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-दहा पतंग सापडले तर उपाय हाती घ्यावा, अशी शिफारस आहे. सारे अडते ते मोजणीपाशी. निंदण, डवरणी, खत आणि पावसाची उघडीप साधायची धावपळ यांत रोज सकाळी पिशव्या उलटून पतंग मोजायला माणूस मिळत नाही.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने यावर कॅमेरा बसवलेला सापळा तयार केला. अडकलेल्या पतंगांचे चित्र घेऊन तो त्यांची संख्या काढतो आणि मोबाइलवर कळवतो. पंजाबच्या कापूस पट्ट्यात तो वापरूनही पाहिला गेला आहे. पुढचे पाऊल म्हणजे अशा सापळ्यांनी आपसांत बोलणे. सेवाग्रामच्या शिवारात तसे जाळे उभे करायचे झाले, तर प्रत्येक सापळ्यातल्या इवल्या संगणकात काय लिहावे? ते मी सात ओळींत बांधले आहे. आपल्याच सूत्रांवर आपणच भाष्य लिहिण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. तिचाच आधार इथे घेतला आहे. सूत्रे माझी असली, तरी त्यांमागचे शोध मुंग्या-मधमाश्यांच्या आणि संगणकाच्या अभ्यासकांचे आहेत. सूत्रांतला ‘तू’ म्हणजे सापळा.

१. हाकेच्या अंतरातले सापळे ओळख. गावाचा नकाशा मागू नकोस.

हाकेचे अंतर म्हणजे रेडिओचा पल्ला. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ पासून परवान्याविना वापरता येतो. शेतातल्या अशा उपकरणांना तो सोयीचा आहे. नकाशा का नको? कारण नकाशा एका ठिकाणी ठेवावा लागतो, तो सतत ताजा ठेवण्यासाठी प्रत्येकाला सतत बोलावे लागते, आणि बोलणे हेच या उपकरणाचे सर्वांत खर्चिक काम आहे. मोजण्यात आणि गणित करण्यात बॅटरी फारशी जात नाही, रेडिओत जाते.

इथे शंका येते की प्रमुखावाचून शिस्त कशी राहील. तिचे उत्तर वळचणीला सापडते. रोपालिडिया मार्जिनाटा ही गांधीलमाशी आपल्या घरांच्या आडोशाला पोळी करते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा दीर्घ अभ्यास केला. त्यात असे दिसले की अन्न आणायला कोणी कधी जायचे हे राणी ठरवत नाही. राणी काढून घेतली तरी ते काम चालू राहते, कामकरी माश्या ते आपसांत सांभाळतात. वाळवीबाबत फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ पिएर-पॉल ग्रासे याने १९५९ मध्ये असेच काही मांडले होते: वाळवी वाळवीला सूचना देत नाही, आधीच्या वाळवीने रचलेली मातीच पुढचीला काम सुचवते. लहान नियम, जवळचीच माहिती, आणि त्यांतून कोणीही न आखलेली मोठी रचना. शास्त्रात याला उद्भूत वर्तन म्हणतात.

२. शेजारी चमकला की आपले घड्याळ थोडे पुढे ढकल.

बॅटरी वाचवायची तर रेडिओ बहुतेक वेळ झोपलेला हवा. पण एक जागा आणि दुसरा झोपलेला असेल तर निरोप हवेतच विरतो. म्हणून सगळ्यांनी एकाच वेळी जागे व्हायला हवे. स्वस्त घड्याळ-स्फटिकात दशलक्षात २० भागांची चूक धरली, तरी दिवसाला सुमारे पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो. वर्ध्याच्या उन्हात डबा तापतो, तेव्हा तो आणखी वाढतो, आणि धुऱ्यावरच्या सावलीतला सापळा व उघड्यावरचा सापळा यांची घड्याळे वेगवेगळ्या चालीने चालू लागतात.

उपाय काजव्यांचा. आग्नेय आशियात काही जातींचे हजारो काजवे एका लयीत उघडझाप करतात आणि त्यांना लय देणारा कोणी नसतो. प्रत्येक काजवा शेजाऱ्याची चमक पाहून आपली पुढची चमक जराशी अलीकडे आणतो. एवढ्या एका नियमावरून सगळे एका ठेक्यात येतात हे रेनाटो मिरोलो आणि स्टीव्हन स्ट्रोगाट्झ यांनी १९९० मध्ये गणिताने दाखवले. त्यांच्या गणितात प्रत्येकाला प्रत्येकजण दिसतो आणि चमक तत्काळ पोचते. शेतात यातले काहीच खरे नसते. हार्वर्डच्या एका गटाने २००५ मध्ये हा नियम खऱ्या रेडिओ उपकरणांवर चालवला, तेव्हा निरोप उशिरा पोचतो हे धरून तो बदलावा लागला: ऐकलेल्या चमका लक्षात ठेवायच्या आणि त्यांचा परिणाम पुढच्या फेरीत करायचा. निसर्गाकडून घेतलेला नियम आपल्या वावरात तसाच्या तसा कधीच चालत नाही, हे इथे प्रथम दिसते.

३. दोघांनी सांगून झालेले तू तिसऱ्यांदा सांगू नकोस. बातमी बदलली तर मात्र थांबू नकोस.

उंच झाडाच्या फांदीला किंवा पाण्याच्या टाकीखाली लटकलेले आग्या मोहोळ दुरून पाहिले, तर त्यावर एक काळसर लाट सरकून जाताना दिसते. गांधीलमाशी जवळ फिरकली की काही माश्या पोटाचा भाग झटकन वर उचलतात, शेजारच्या माश्या तेच करतात, आणि सेकंदाच्या आतबाहेर लाट पोळ्यावर पसरते. गेरहार्ड कास्टबर्गर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवले की या लाटेने गांधीलमाशी खरोखर मागे हटते. वर्ध्यात आग्या मोहोळ हा ओळखीचा विषय आहे. दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने या माशीचा मध पोळे जाळल्याविना काढण्याची पद्धत रुजवली. लाटेतली घेण्याजोगी गोष्ट अशी की ती थांबते. हालचाल करून झालेली माशी त्याच इशाऱ्यावर पुनःपुन्हा हलत राहिली असती, तर पोळे दिवसभर थरथरतच राहिले असते.

रेडिओच्या जाळ्यात हेच संकट येते. एकाने सांगितले, दहांनी ऐकून पुन्हा सांगितले, शंभरांनी तेच केले, आणि खरी बातमी त्या गोंगाटात बुडाली. बर्कलीच्या फिलिप लेव्हिस आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये यावर ‘ट्रिकल’ नावाची पद्धत मांडली; २०११ मध्ये ती इंटरनेटच्या मानकांत आली. तिचे सार या सूत्रात आहे. ठरावीक वेळात तीच माहिती दोनदा कानावर आली तर गप्प बसायचे. सारे जुळत असेल तर बोलण्याचे अंतर दुपटीने वाढवत न्यायचे: एक मिनिट, दोन, चार, आठ, असे तासापर्यंत. कुठे फरक ऐकू आला की अंतर पुन्हा एका मिनिटावर. शांत रात्री जाळे जवळपास मुके असते आणि पतंगांची झुंड आली की जागे होते.

४. ज्या वाटेने निरोप पोचला तिची खूण वाढव. आणि रोज रात्री सगळ्या खुणा पुसट कर.

या सूत्रावर सगळ्यात जास्त लिहिले गेले आहे आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात. म्हणून जरा थांबतो.

१९८९ मध्ये ब्रसेल्सच्या गॉस, देनबूर्ग आणि सहकाऱ्यांनी अर्जेंटिनी मुंग्यांपुढे वारूळ आणि अन्न यांना जोडणारा दोन फाट्यांचा पूल ठेवला; एक फाटा आखूड, एक लांब. सुरुवातीला मुंग्या दोन्हीकडे सारख्याच गेल्या. आखूड फाट्यावरच्या लवकर परतल्या, म्हणून तिथला गंध आधी साचला, त्या गंधावर आणखी मुंग्या गेल्या, आणि थोड्याच वेळात बहुतेक रांग आखूड वाटेने चालू लागली. एकाही मुंगीने अंतर मोजले नव्हते.

प्रयोगाचा दुसरा भाग फारसा सांगितला जात नाही, आणि आपल्याला धडा तोच देतो. आधी फक्त लांब फाटा ठेवला आणि अर्ध्या तासाने आखूड जोडला, तर मुंग्या लांब वाटेनेच जात राहिल्या. साचलेला गंध उडायला फार वेळ लागतो, आणि जुन्या यशाचा वास नव्या वाटेला उभे राहू देत नाही. मार्को दोरिगोने १९९२ मध्ये मुंग्यांवरून गणनपद्धत रचली, तेव्हा त्याने गंध उडण्याचा वेग मुद्दाम वाढवला. १९९८ मध्ये जानी दी कारो आणि दोरिगो यांनी ‘अँटनेट’ या नावाने हीच कल्पना संगणकजाळ्यात निरोपांची वाट शोधण्यासाठी वापरली. मुंग्यांचे अनुकरण म्हणून ही पद्धत ओळखली जाते. माझ्या मते ती मुंग्यांची दुरुस्ती आहे.

सेवाग्रामच्या वावरात विसरणे इतके महत्त्वाचे का, ते पऱ्हाटी सांगते. जुलैत झाड वीतभर असते, सापळ्याला सापळा उघडा दिसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरला तीच पऱ्हाटी छातीशी येते, ओळींत तूर माजलेली असते, पाने दवाने ओली असतात, आणि पाणी रेडिओ लहरी गिळते. जुलैत जी वाट उत्तम होती ती दसऱ्याला बंद पडते. रोज खुणेचा तीन दशांश भाग पुसायचा ठरवला, तर १०० ची खूण दुसऱ्या दिवशी ७०, मग ४९, ३४ आणि पाचव्या दिवशी २४ उरते. चार-पाच दिवस निरोप न पोचलेली वाट आपोआप मागे पडते. यापेक्षा वेगाने पुसले, तर एका रात्रीच्या पावसाने चांगली वाट हातची जाते. हा आकडा कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही, तो शिवारात चालून ठरवावा लागेल.

याच नियमाची दुसरी बाजू भीषण आहे. लष्करी मुंग्या समोरचीच्या गंधामागे चालतात. त्यांची एखादी तुकडी रांगेपासून तुटली आणि पुढची मुंगी मागचीच्या गंधाला लागली, तर चक्र बनते आणि दमून मरेपर्यंत त्या फिरत राहतात. अमेरिकी निसर्गशास्त्रज्ञ विल्यम बीबी याने गयानाच्या जंगलात असे चक्र पाहिले होते. श्नाइर्ला याने १९४४ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. प्रत्येक मुंगी नियम तंतोतंत पाळत असते, तरीही हे घडते. जाळ्यातला निरोप असाच तीन सापळ्यांत गरगरत राहू शकतो. म्हणून प्रत्येक निरोपाच्या अंगावर त्याचे वय लिहावे, आणि ठरावीक उड्यांनंतर तो टाकून द्यावा.

५. तुझी मोजणी झाल्यावरच इतरांचे ऐक. तिघांना दिसले तर गावाला सांग.

२०१७ च्या हंगामात विदर्भात दोन गोष्टी एकदम घडल्या. बीटी कपाशीला न जुमानणाऱ्या गुलाबी बोंडअळीने पीक खाल्ले, आणि शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यामुळे या जाळ्यात खोटी हाक ही किरकोळ चूक मानता येत नाही. नको असलेली फवारणी म्हणजे पैशाचा चुराडा आणि कोणाच्या तरी पाठीवर विषाचा पंप. उशिरा आलेली हाक म्हणजे हातचे बोंड गेले. या दोहोंमध्ये उंबरठा ठरवायचा आहे.

मधमाश्यांचे थवे असाच उंबरठा वापरतात. नवे घर शोधायला गेलेल्या टेहळ्या माश्या परत येऊन नाचून जागा सांगतात. पण थवा उडतो तो नाच पाहून नव्हे. एखाद्या जागेवर २०-३० टेहळ्या एका वेळी दिसू लागल्या की उडण्याची तयारी सुरू होते. थॉमस सीली याने हे अनेक वर्षांच्या प्रयोगांतून उलगडले. त्याने भर दिला तो एका अटीवर: नाच पाहून गेलेली माशी जागा स्वतः तपासल्याविना स्वतः नाचत नाही. इतरांचे ऐकून ती कुठे पाहायचे ते ठरवते, काय वाटले ते ठरवत नाही.

सूत्राचा पहिला अर्धा भाग यासाठीच आहे. शेजारच्या सापळ्याने १२ पतंग सांगितले म्हणून आपल्या पिशवीतल्या संशयास्पद किड्याला पतंग मानू लागणारा संगणक तिसरा साक्षीदार राहत नाही, तो पहिल्याचाच प्रतिध्वनी होतो. आणि स्वतंत्र मोजणीनेही भागत नाही. वादळी पावसात तिन्ही कॅमेऱ्यांवर एकाच वेळी चिखल उडू शकतो. जिनिंग कारखान्याच्या आवारात साठवलेल्या सरकीत कोष असतात, तिथून पतंग निघत राहतात, आणि त्या भिंतीलगतचे तीन सापळे रोज रात्री एकमताने हाक देतील. म्हणून तिघे वेगवेगळ्या धुऱ्यांवरचे असावेत, आणि जिनिंगजवळच्या सापळ्यांची मोजणी वेगळी ठेवावी. हिंगणघाट, पुलगाव, सिंदी या भागांत हे विसरलेले जाळे पहिल्याच हंगामात बदनाम होईल.

६. ज्याचे वावर, त्याला तुझ्या एकट्याच्या डोळ्यांनी दिसले तरी सांग.

माझ्या दृष्टीने सातांतली मुख्य ओळ ही. हिला मुंगी, मधमाशी, काजवा यांपैकी कोणाचाच आधार नाही.

पाचव्या सूत्रातली बेरीज पोळ्याच्या हिताची आहे. टेहळी माशी काही आठवड्यांत झिजून मरते, पोळे जगते. एका माशीचे चुकलेले मत विसरले जाणे पोळ्याला परवडते. शिवारात तसे नाही. नाल्याकाठच्या दोन एकरांचा विचार करा. तिथल्या सापळ्याला एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला पडीत. हाकेच्या अंतरात एकच शेजारी. तिथे ‘तिघे’ कधी होणारच नाहीत. जाळ्याच्या काठावरच्या उपकरणाला शेजारी कमी असतात हा भूमितीचा नियम आहे, आणि बहुमताची अट लावली की काठावरचा आवाज दर वेळी चूक ठरवून पुसला जातो. जाळ्याचा एकूण अहवाल उत्तम येईल, अचूकता वाढलेली दिसेल, आणि त्या दोन एकरांत डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमललेली फुले, भरतील.

हा प्रश्न वर्ध्यात नवा नाही. मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ चालवणारे जे. सी. कुमारप्पा यांनी ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ या १९४५ मधील पुस्तकात निसर्गातल्या व्यवहारांची प्रतवारी लावली. परोपजीवी आणि लुटारू व्यवस्था तळाशी. स्वतःच्या लाभापलीकडे समूहासाठी राबणारी मधमाशी बरीच वर. पण सगळ्यांत वर त्यांनी ठेवली ती सेवेची व्यवस्था, परतफेडीचा हिशेब न करता पिलांसाठी राबणाऱ्या पक्षिणीची. मधमाशीचे कौतुक करूनही त्यांनी तिला शेवटची पायरी मानली नाही. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावात, म्हणजे १९४० नंतरच्या सेवाग्रामात, राहायला आले. त्याच्या कितीतरी आधी, १९०८ मध्ये, रस्किनच्या पुस्तकाचे सार लिहिताना त्यांनी त्याला ‘सर्वोदय’ हे नाव दिले होते, आणि १९२६ मध्ये ‘यंग इंडिया’त अधिकांच्या अधिक सुखाचे सूत्र अहिंसेच्या उपासकाला मान्य होऊ शकत नाही असे स्पष्ट लिहिले होते. सेन्सरांच्या जाळ्याचा विचार करताना ही नावे अलंकार म्हणून आणलेली नाहीत. समूहबुद्धीचे सगळे नमुने आपण ज्या प्राण्यांकडून उचलतो, त्यांच्यात एकट्याची किंमत शून्याजवळ असते. ते गृहीतक नियमाबरोबर नकळत आपल्या यंत्रात येते. ते ओळखून बाहेर काढणे हे आराखडा करणाऱ्याचे काम आहे.

व्यवहारात हे सूत्र सोपे आहे. गावाच्या फलकावर जाणारी हाक तिघांच्या साक्षीने जावी. वावराच्या मालकाला, बटाईदाराला, त्याच्या सापळ्याने मोजलेली संख्या रोज जावी, एकटी असली तरी. सोबत एवढेच सांगावे की शेजाऱ्यांकडे हे अजून दिसलेले नाही. बॅटरी थोडी जास्त जाईल, काही सकाळी उगाच वावरात जावे लागेल. हा खर्च मला मान्य आहे.

७. संख्या सांग, फवारणी सांगू नकोस.

ल्यूरचा वास तीन-चार आठवड्यांत उतरतो. तो बदलला नाही तर पतंग कमी सापडतात आणि अळी तितकीच राहते. सापळ्यात फक्त नर येतो, अंडी घालणारी मादी येत नाही. पिशवीतली संख्या बोंडातल्या अळीची खात्री देत नाही. म्हणून शिफारशीत फुले आणि हिरवी बोंडे तपासण्याची दुसरी कसोटी आहे: शंभरांत दहा प्रादुर्भावग्रस्त आढळली तर उपाय. डोमकळी ओळखणारे डोळे आणि बोंड फोडून पाहणारा हात कास्तकाराचा. जाळ्याने त्याला योग्य सकाळी योग्य ओळीत नेऊन उभे करावे, एवढीच त्याची पोच.

जाळे उभे व्हायला काही हंगाम लागतील. त्याआधी त्याला शिकवण्यासाठी खऱ्या मोजण्या लागतील, आणि त्या आज कोणाकडे सलग नाहीत. गावच्या ग्रामपंचायतीला, शेतकरी गटांना आणि सेवाग्रामच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे: येत्या खरिपात पीक ४५ दिवसांचे झाले की हेक्टरी पाच साधे सापळे लावा, ल्यूर वेळेवर बदला, रोज सकाळची संख्या वावराच्या नावानिशी वहीत लिहा, आणि नाल्याकाठची वावरे आधी घ्या.